शिकागोच्या लूपमधील जुन्या कचेऱ्या

शिकागोचा ‘लूप’ हा मध्यवर्ती व्यापारी भाग १८७१ च्या आगीत बेचिराख झाला. पुढच्या पंचवीस वर्षांत तिथे कचेऱ्यांच्या ज्या इमारती उभ्या राहिल्या, त्यांनी उंच बांधकामाचे शास्त्रच पालटले. जमिनीचे भाव चढत होते, लिफ्ट वापरात आली होती, पोलाद परवडू लागले होते. अडचण होती ती पायाखालच्या मऊ, ओल्या चिकणमातीची.

ही अडचण मोनॅडनॉक इमारतीत स्पष्ट दिसते. वास्तुरचनाकार बर्नहॅम आणि रूट यांनी १८९१ मध्ये पूर्ण केलेला तिचा उत्तरेकडचा सोळा मजली भाग विटांच्या भारवाही भिंतींवर उभा आहे. तळाशी या भिंती सहा फूट जाड आहेत. एवढा भार पेलण्यासाठी काँक्रीटमध्ये पोलादी तुळया बसवून तराफ्यासारखा पसरट पाया घातला गेला. इमारत खचणार हे गृहीत धरले होते, पण ती अंदाजापेक्षा बरीच अधिक, सुमारे २० इंच खचली. १८९३ मध्ये होलाबर्ड आणि रोश यांनी जोडलेल्या दक्षिण भागाला मात्र पोलादी सांगाडा आहे. एकाच इमारतीत दोन युगे अशी शेजारी शेजारी क्वचितच सापडतात.

स्टेट स्ट्रीटवरच्या रिलायन्स इमारतीची हकीकत याहून विलक्षण आहे. १८९० मध्ये जुन्या इमारतीच्या वरच्या मजल्यांवरील भाडेकरूंचे करार अजून संपायचे होते. म्हणून ते मजले जॅकवर तोलून धरले आणि खाली रूट यांनी नवा पाया व तळमजला बांधला. वरचे काम रूट यांच्या निधनानंतर चार्ल्स ॲटवुड यांच्या आराखड्यानुसार १८९५ मध्ये पुरे झाले. भिंतींचे ओझे उरले नव्हते, म्हणून दर्शनी भागात रुंद काचा आणि त्यांच्याभोवती पांढऱ्या झिलईचा टेराकोटा एवढेच दिसते.

या टेराकोटाची दुरुस्ती हा संवर्धनाच्या कामातला सर्वांत नाजूक भाग. सांध्यातला चुना-सिमेंटचा मसाला झिजला की पाणी आत शिरते, लाद्या धरून ठेवणारे लोखंडी आकडे गंजतात, गंज फुगतो आणि लादी तडकते. अशा वेळी वरून सीलंट फासल्यास आत शिरलेले पाणी कोंडले जाते आणि नुकसान वाढते. लादी काढून, आकडा बदलून, सांधा पुन्हा भरणे हीच खरी दुरुस्ती. ती महाग आहे आणि तिला पर्याय नाही. रिलायन्सचे काम असेच बारकाईने झाले, आणि १९९९ मध्ये तिथे हॉटेल सुरू झाले.

सगळ्याच इमारती एवढ्या नशीबवान नव्हत्या. जगातली पहिली गगनचुंबी म्हणून ओळखली जाणारी वास्तुरचनाकार जेनी यांची होम इन्शुरन्स १९३१ मध्ये पाडली गेली. ॲडलर आणि सलिव्हन यांचे स्टॉक एक्स्चेंज १९७२ मध्ये गेले. त्यातली कोरीव सजावट वाचवताना छायाचित्रकार रिचर्ड निकेल पडझडीखाली मरण पावले. व्यवहाराचे दालन तेवढे आर्ट इन्स्टिट्यूटमध्ये पुन्हा उभे आहे. मूळ जागेवरून उचलून आणलेले दालन म्हणजे वाचलेली इमारत नव्हे, हे तिथे गेल्यावर कुणालाही जाणवेल.

आज वारसा इमारतींच्या मान्यताप्राप्त पुनरुज्जीवनाच्या खर्चावर २० टक्के संघीय करसवलत मिळते. २०२२ मध्ये शिकागो महापालिकेने लासाल स्ट्रीटवरच्या रिकाम्या कचेऱ्यांची घरे करण्याची योजनाही आणली. इथे जुन्या आराखड्यांचा गुण कामी येतो. विजेचे दिवे मंद होते तेव्हा प्रत्येक खोलीला खिडकी हवी होती, म्हणून मजले अरुंद ठेवले गेले किंवा मध्ये प्रकाशचौक सोडला गेला. वातानुकूलनाच्या काळातल्या खोल मजल्यांत घरे बसवणे त्याहून कितीतरी अवघड.

तरीही वापर बदलणे हा एकच मार्ग नाही. मोनॅडनॉकची दुरुस्ती १९७९ पासून टप्प्याटप्प्याने झाली. मोझॅकच्या फरशा आणि ॲल्युमिनियमचे जिने जपत ती पुन्हा मूळ रूपात आणली गेली. लहान व्यावसायिकांना भाड्याने देता येतील अशा तिच्या खोल्यांत पुढेही कचेऱ्याच चालत राहिल्या. जुन्या इमारतीला नवा वापर सुचवणाऱ्या प्रत्येक वास्तुरचनाकाराने आधी तिचा मूळ वापर चालू शकतो का, हे तपासावे.