आजीने जादू शिकावी का? माझं मत: जरूर शिकावी



मागच्या महिन्यात मंदिरातून परत येताना एका ताईंनी मला थांबवून विचारलं, "अहो, तुम्ही म्हणे पत्ते खेळायला लागलात?" आवाजात काळजी होती. मी म्हटलं, "खेळत नाही हो, पत्त्यांची जादू शिकतेय." त्यांची काळजी कमी व्हायच्या ऐवजी वाढली! घरी आल्यावर ठरवलं की यावर एकदा नीट लिहायचं, कारण हा प्रश्न त्यांच्या एकट्यांचा नसणार.

आमच्या घरात पत्त्यांना जागाच नव्हती. सासूबाई म्हणायच्या, सात व्यसनांत पहिलं नाव जुगाराचं, आणि जुगार घरात येतो तो पत्त्यांचा हात धरून. त्यामुळे लग्नानंतर चाळीस वर्षं मी पत्त्याला हात लावला नाही. मग नातीला वाढदिवसाला कुणीतरी जादूची पेटी दिली. दोन दिवस तिने खटपट केली, जमेना म्हणून पेटी माळ्यावर गेली. दिवाळीच्या साफसफाईत ती माझ्या हाती लागली. आपल्याकडे सूर्यास्ताआधी जेवणं उरकतात, पुढे झोपेपर्यंत तीन तास मोकळे. मालिका बघून बघून कंटाळले होते. म्हटलं, बघू तरी. तेव्हा मी त्रेसष्ट वर्षांची होते.

सुरुवात कुठून करावी, हे आधी सांगते. बाजारातलं महागडं साहित्य घेऊ नका. पत्त्यांचा एक साधा, गुळगुळीत कॅट आणि दोन-चार नाणी पुरतात. आपल्या हातांना थोडे अरुंद पत्ते बरे, सव्वादोन इंच रुंदीचे. अडीच इंचांचेही मिळतात, पण लहान पंजात ते मावत नाहीत.

पहिला प्रयोग असा निवडा की ज्यात हाताची करामत लागतच नाही. एकवीस पत्त्यांचा प्रयोग मला फार आवडतो, कारण तो शुद्ध हिशेब आहे. एकवीस पत्ते तीन रांगांत सात-सात असे उघडे मांडायचे, पण एक रांग पुरी करून दुसरी नाही. पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्या रांगेत एकेक, मग पुन्हा पहिलीपासून. समोरच्याने मनात एक पत्ता धरायचा आणि तो कोणत्या रांगेत आहे एवढंच सांगायचं. ती रांग दोन रांगांच्या मध्ये ठेवून पत्ते गोळा करायचे, पुन्हा तसेच मांडायचे. असं तीनदा. तिसऱ्यांदा गोळा केल्यावर त्याचा पत्ता बरोबर अकरावा असतो, वरून मोजा की खालून.

बी.कॉम.च्या सवयीने मी कागद-पेन्सिल घेऊन बसले. पहिल्या फेरीनंतर पत्ता आठ ते चौदा या जागांत येतो. दुसऱ्या फेरीनंतर दहा, अकरा, बारा एवढ्याच जागा उरतात. तिसऱ्या फेरीनंतर एकच, अकरावी. ताळेबंद जुळल्यावर जो आनंद व्हायचा, तोच झाला!

दुसरा प्रयोग खुणेच्या पत्त्याचा. पत्ते पिसून सारखे करताना सगळ्यात खालचा पत्ता हळूच बघून ठेवायचा. समजा, ती इस्पिकची राणी आहे. आता समोरच्याला एक पत्ता काढू द्या. गठ्ठ्याचा वरचा अर्धा भाग टेबलावर ठेवा, त्यावर त्याला त्याचा पत्ता ठेवायला सांगा, आणि हातातला उरलेला भाग वर ठेवून द्या. म्हणजे राणी बरोबर त्याच्या पत्त्याच्या डोक्यावर बसली. आता त्याला हवं तितक्या वेळा पत्ते काटू द्या, फक्त पिसू देऊ नका. मग वरून एकेक पत्ता उघडत जा. राणी आली की पुढचा पत्ता त्याचा. राणी अगदी शेवटी निघाली तर त्याचा पत्ता पहिला होता. एवढंच गुपित. पण "मला तुमचा चेहरा बघू द्या" म्हणत थांबत थांबत उघडलात, तर जावईबापूसुद्धा खुर्चीच्या टोकावर येऊन बसतात.

नाण्यांचं काम अवघड, तिथे बोटं लागतात. जे. बी. बोबो या अमेरिकन जादूगाराचं 'मॉडर्न कॉइन मॅजिक' हे १९५२ सालचं पुस्तक या विषयात आजही मानलं जातं. मुलाने ते मला आणून दिलं. त्यातले बरेच प्रयोग अर्ध्या डॉलरच्या नाण्याचे. ते नाणं साधारण ३०.६ मिलिमीटरचं, आपलं दहा रुपयांचं २७ मिलिमीटरचं. माझ्या हातातून दहाचं नाणं सारखं सटकायचं. मग आठवलं, लक्ष्मीपूजनाच्या डब्यात सासूबाईंचे राणीछाप चांदीचे रुपये आहेत. काढून मोजले, तर आकाराने जवळजवळ तेवढेच. वजन एक तोळा, म्हणजे ११.६६ ग्रॅम, आणि कडेला बारीक खाचा, त्यामुळे तळहातात छान अडकतात. परदेशातलं नाणं शोधायची गरजच पडली नाही. (दिवाळीला धुऊन पुसून डब्यात परत जातात, काळजी नसावी!)

नाण्यांतली पहिली हातचलाखी म्हणजे 'फ्रेंच ड्रॉप'. डावा तळवा वर करून, अंगठा आणि बोटांच्या टोकांत नाणं आडवं धरायचं. उजवा हात ते घ्यायला येतो. अंगठा नाण्याखालून, बोटं वरून. बोटांनी नाणं झाकलं त्याच क्षणी डावा अंगठा सैल सोडायचा. नाणं डाव्या हाताच्याच बोटांवर पडतं. उजवी मूठ मात्र नाणं घेतल्यासारखी मिटून पुढे जाते. ऐकायला सोपं आहे. मला तीन महिने लागले. पलंगावर गोधडी पसरून त्यावर सराव करा, म्हणजे नाणं पडलं तर आवाज होत नाही आणि वाकून शोधावंही लागत नाही. रोज पंधरा मिनिटं, आरशासमोर.

माझी चूक काय होत होती, ते मलाच कळत नव्हतं. हात बरोबर होते, पण नातीने दरवेळी डाव्या हातावर बोट ठेवलं. एके दिवशी ती म्हणाली, "आजी, तू स्वतःच डाव्या हाताकडे बघतेस ना!" खरंच की. नाणं जिथे होतं तिथेच माझी नजर. मग मी आधी पन्नास वेळा खरोखर नाणं उजव्या हातात घेतलं आणि माझी नजर कुठे जाते ते पाहिलं. ती उजव्या मुठीबरोबर जात होती, डावा हात आपोआप सैल पडत होता. खोटं घेतानाही तस्संच केलं. त्या दिवशी नात पहिल्यांदा फसली.

आणि त्या रात्री मला झोप लागली नाही. कारण सांगते. आजवर इथे कधी लिहिलं नव्हतं.

अकरा वर्षांपूर्वी, दुपारी दोनच्या सुमारास, दारात दोन तरुण आले होते. भांडी चकचकीत करायची पावडर विकत होते. त्यांनी आधी माझी समई उजळून दिली, मग पैंजण. मग सासूबाईंच्या पाटल्या, चार तोळ्यांच्या. माझ्याच डब्यात, माझ्याच हळदीच्या पाण्यात, माझ्या डोळ्यांसमोर त्या टाकल्या. एकाने विचारलं, "मावशी, गॅस कुठल्या बाजूला?" मी मान वळवून दाखवलं. दुसऱ्याने पाणी मागितलं. "दहा मिनिटं मंद आचेवर ठेवा, मध्ये उघडू नका," म्हणून ते गेले. दहा मिनिटांनी डब्यात नुसतं पिवळं पाणी होतं.

यांनी मला एका शब्दाने बोललं नाही. पण माझं मीच स्वतःला अकरा वर्षं बोलत होते. घराचा पैन् पै हिशेब ठेवणारी, शिकलेली बाई, आणि डोळ्यांसमोरून पाटल्या जातात! नातेवाइकांत विषय निघाला की मी उठून आत जायची.

त्या रात्री पडल्या पडल्या मला सगळी दुपार पुन्हा दिसली. प्रश्न विचारला की माणूस विचारणाऱ्याच्या तोंडाकडे बघतो. बोट दाखवलं की तिकडे बघतो. आधी दोन खरी कामं करून दाखवली की तिसरं खरंच धरून चालतो. नेमकं हेच मी तीन महिने आरशासमोर शिकत होते. मी मूर्ख होते म्हणून फसले नव्हते. कुणाचीही नजर जशी वळते तशी माझी वळली, आणि समोरच्याला ते ठाऊक होतं. सकाळी यांना सांगितलं, तर म्हणाले, "मी तर तेव्हापासून हेच म्हणत होतो." मनात म्हणत असतील, मला तरी ऐकू आलं नव्हतं!

म्हणून माझं ठाम मत आहे की आपल्या वयाच्या बायकांनी ही विद्या शिकावी. दारावर येणारा, फोनवर 'तुमचं खातं बंद होतंय' म्हणून घाई करणारा, हवेतून अंगारा काढणारा, सगळ्यांची पद्धत एकच असते. लक्ष दुसरीकडे वळवायचं. इंग्लंडमध्ये १५८४ साली रेजिनल्ड स्कॉट नावाच्या माणसाने नाणी-पत्त्यांच्या करामती पुस्तकात उघड केल्या होत्या. ही हातचलाखी आहे, चेटूक नव्हे, हे लोकांना कळावं म्हणून. आपल्या महाराष्ट्रातही अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते गावोगाव आधी 'चमत्कार' करून दाखवतात आणि मग त्यामागची युक्ती सांगतात. हातांनी शिकलेलं जास्त पटतं.

आता ताईंचा खरा प्रश्न. हे खोटं बोलणं नाही का? सत्याचं अणुव्रत घेतलेल्या बाईने नाणं लपवून "नाही" म्हणावं का? मी यावर बराच विचार केला. त्या दोघांना माझ्याकडून काहीतरी घ्यायचं होतं, आणि आपण फसवले जातोय हे मला ठाऊक नव्हतं. नातीला मात्र ठाऊक असतं, ती स्वतः "आजी, फसव ना" म्हणत येते आणि जाताना तिचं काही गेलेलं नसतं. नाटकातला राजा राजा नसतो, पण नट काही खोटारडा ठरत नाही. तरी मी स्वतःला तीन नियम घालून घेतले आहेत. पैसे लावून कधीही नाही, गंमत म्हणून एक रुपयाही नाही. मनातलं ओळखते किंवा सिद्धी आहे असं कधी म्हणायचं नाही, ही युक्ती आहे हे आधीच सांगायचं. आणि प्रयोगात कुणाचं हसं करायचं नाही. नाणी-पत्त्यांच्या जादूत एक समाधानही आहे. कबुतरं, ससे कोंडून ठेवावे लागत नाहीत, कुठल्याही जिवाला त्रास नाही.

यामुळे सांधे बरे होतात किंवा स्मरणशक्ती वाढते असलं काही मी सांगणार नाही. एवढं सांगते की आपण आयुष्यभर जे शिकलो ते कुणाच्या तरी उपयोगाचं म्हणून शिकलो. स्वतःला न जमणारी एक गोष्ट नव्याने, चुकत चुकत शिकण्यात वेगळीच मजा आहे. नाणं शंभरदा पडेल. पडू द्या, गोधडी आहे.

परवा त्या ताई घरी आल्या होत्या. मी त्यांना राणीछाप रुपया गायब करून दाखवला. दोन मिनिटं गप्प बसल्या आणि मग हळूच म्हणाल्या, "पुन्हा एकदा दाखवा." तीच जादू लगेच दुसऱ्यांदा दाखवायची नसते, हा जुना नियम. दुसऱ्यांदा लोक नेमकं हाताकडे बघतात. पण त्यांना मी दाखवली, आणि कुठे बघायचं तेही सांगितलं. त्यांच्याही दारावर कुणीतरी येणारच आहे.