तीन रुपयांचा गल्ला आणि आपलं रडगाणं

मंडळी, आज जरा कडक लिहितोय. राग आला तरी शेवटपर्यंत वाचा.

सुरत आणि मराठी माणूस म्हटलं की आपल्याला 1664 आणि 1670 ही दोनच सालं आठवतात. 1913 नंतरचं काही आठवत नाही. आणि मग गणपतीच्या मांडवात, लग्नाच्या पंगतीत तेच रडगाणं: "अहो, सुरत म्हणजे नुसता धंदा आणि खाणं. मराठी सिनेमा इथे चालायचाच नाही."

मला हे साफ अमान्य आहे.

दादासाहेब फाळक्यांनी विम्याची पॉलिसी आणि सरस्वतीबाईंचे दागिने गहाण टाकून 'राजा हरिश्चंद्र' काढला. 3 मे 1913 ला तो मुंबईत गिरगावच्या कोरोनेशनमध्ये लागला आणि गाजला. पुढे सुरतेत आणला. पहिल्या दिवसाचा गल्ला किती? रुपये तीन फक्त! तीन आण्यांचं तिकीट धरलं तर सोळा माणसं. कारण सरळ होतं. तेव्हा दोन आण्यांत सहा तास नाटक बघायला मिळायचं आणि हा खेळ दीड तासात खलास. सुरती माणसाने हिशोब केला, ह्यात अडाणीपणा कुठे आला? जन्मभर बँकेत काढलेला माणूस म्हणून सांगतो, पैसे मोजून देणारं गिऱ्हाईक वाईट नसतं.

स्थानिक भागीदार म्हणाला, खेळ लांबवा. फाळक्यांनी खेळ लांबवला नाही आणि सुरतकरांना नावंही ठेवली नाहीत. त्यांनी गुजरातीत जाहिरात दिली: सत्तावन्न हजार फोटो, दोन मैल लांबीचं चित्र, किंमत फक्त तीन आणे! गल्ला तीनशेवर गेला. शंभर पट! आता फिल्म होती साधारण 3,700 फूट, म्हणजे एक मैलही पुरा नाही. ती अतिशयोक्ती सोडून द्या. पण गाव कुठल्या मापाने मोजतं, ते ह्या माणसाने ओळखलं.

आणि सुरतेला सिनेमाचं वावडं म्हणणाऱ्यांनी अब्दुलअली यूसुफअली हे नाव ऐकलंय का? जन्म सुरतेत, 1884 चा. तंबू आणि यंत्र घेऊन ह्या गृहस्थाने सिंगापूर, ब्रह्मदेश, सिलोन पालथं घातलं, मग हिंदुस्थानात गावोगाव खेळ केले. पुढे अर्देशीर इराणींच्या भागीदारीत मुंबईत थिएटरं चालवली. 14 मार्च 1931 ला 'आलम आरा' लागला तो त्यांच्याच मॅजेस्टिकमध्ये. हा सुरतचा धंदा! धंदा होता म्हणून तर सिनेमा गावोगाव पोचला.

आता आपलं बघू. मराठी सिनेमाचा एखादा खेळ सुरतेत लागला, तर आपल्यापैकी किती जण तिकीट काढतात? आपण "मोबाईलवर येईल की" म्हणून घरी बसतो आणि खुर्च्या रिकाम्या राहिल्या की दोष गावाला देतो.

दुसरं जास्त बोचणारं आहे. लिंबायत, उधना, डिंडोली, पांडेसरा इथे खानदेशातून आलेले हजारो संसार आहेत. लूमवर बारा-बारा तासांची पाळी करणारी माणसं. त्यांची अहिराणी ऐकून आपण नाक मुरडतो. "आपले लोक" म्हणताना त्यांना धरत नाही. अहो, सुरतेतला मराठीचा खरा प्रेक्षक तिथेच बसलाय! त्याला परवडेल असं तिकीट, त्याच्या सुट्टीच्या दिवशी, त्याच्या वस्तीजवळ खेळ, एवढं तरी आपल्या मंडळांनी कधी करून बघितलं का? फाळक्यांनी परक्या भाषेत जाहिरात काढली. आपल्याला तर आपल्याच भाषेत बोलवायचंय.

म्हणून माझं म्हणणं एवढंच. पुढच्या वर्षी गणेशोत्सवाच्या वर्गणीतला थोडा भाग बाजूला काढा, एक हॉल घ्या, मराठी सिनेमा रीतसर परवानगीने लावा आणि पहिलं आमंत्रण लिंबायतला द्या. पहिल्या दिवशी सोळाच माणसं आली तरी घाबरू नका. सुरतेत सुरुवात तेवढ्यावरच झाली होती.

पटत नसेल तर जरूर लिहा. पण आधी हे सांगा, शेवटचं मराठी सिनेमाचं तिकीट कधी काढलंत?