लाखाचा स्वल्पविराम

शनिवारच्या सकाळी एक्सेलवर कोण लिहितं? तर मी लिहितो :-) कारण आठवडाभर आपण सगळेच, म्हणजे कोड लिहिणारे, सेल्सवाले, एचआरवाले, त्याच चौकटींत डोकं घालून बसतो. आणि घरी आल्यावर होम लोनचे हप्ते, एसआयपी, लग्नाचा खर्च... तेही त्याच चौकटींत. तरीही सेलमधल्या रकमेचं फॉरमॅटिंग म्हणजे शेवटी वेळ उरला तर करायची रंगरंगोटी, असा एक सार्वत्रिक समज आहे.

मला तो अजिबात पटत नाही. रक्कम दिसते कशी, हा हिशेबाचाच भाग आहे. निर्णय घेणारा माणूस तुमचे फॉर्म्युले वाचत नाही, समोर दिसणारा आकडा वाचतो.

हा आकडा बघा: १२५०००००. मोजावी लागली ना शून्यं? आता १२,५००,०००. थोडं बरं, पण अजून अडखळलातच. आणि आता १,२५,००,०००. सव्वा कोटी! एका नजरेत. तिन्ही ठिकाणी रक्कम तीच, बदलले फक्त स्वल्पविराम. आपण एकं, दहं, शतं म्हणत लहानाचे मोठे झालो. पैसे आपल्या डोक्यात सव्वा, दीड, अडीच लाखांनी येतात. मिलियनचं लाखांत भाषांतर करायला डोक्याला वेळ लागतो, आणि घाईत ते चुकतं.

आमच्या सोसायटीच्या रीडेव्हलपमेंटची मीटिंग झाली तेव्हाची गोष्ट. बिल्डरच्या माणसाने भिंतीवर तक्ता लावला. प्रत्येक सभासदाला मिळणारी रक्कम: १,८००,०००. बँकेतून रिटायर झालेले शेजारचे काका पुटपुटले, "एक कोटी ऐंशी?" शेजारच्या काकूंनी कागदावर स्वल्पविराम पुन्हा टाकून दाखवले, तेव्हा अठरा लाख निघाले. जन्मभर नोटा मोजलेला माणूस! घर सोडून दुसरीकडे राहायला जायचं की नाही हे ज्या आकड्यावर ठरणार, तो पहिल्या फटक्यात दहापट वाचला गेला. आकडा चुकीचा नव्हता. फक्त ज्यांच्यासाठी होता, त्यांच्या भाषेत नव्हता.

आता हे होतं का? एक्सेलच्या नेहमीच्या फॉरमॅटमधला स्वल्पविराम फक्त "गट पाडा" एवढंच सांगतो. गट तीन-तीनचे की आपले तीन-दोन-दोनचे, हे एक्सेल विंडोजच्या रीजन सेटिंगमधून उचलतं. म्हणून पुण्यात लाखांत दिसणारी फाइल न्यू जर्सीतल्या भावाच्या लॅपटॉपवर उघडली की मिलियनमध्ये दिसते. फाइल तीच, आकडा तोच. पहिला उपाय अर्थातच विंडोजमधलं सेटिंग बदलणं.

दुसरा उपाय म्हणजे कस्टम फॉरमॅट. कंट्रोल आणि १ दाबा, कस्टममध्ये जा आणि अटी घाला: कोटीच्या वर असेल तर असं, लाखाच्या वर असेल तर तसं, बाकी सगळं साधं. पण गंमत अशी की अशा अटी दोनच घालता येतात. उणे रकमा मग "बाकी सगळं"मध्ये जाऊन पडतात आणि तिथे पुन्हा तीन-तीनचे गट! म्हणजे जमा लाखांत आणि कर्ज मिलियनमध्ये. जी रक्कम सगळ्यात आधी नीट दिसायला हवी तीच परकी. त्यावर इलाज आहे: उणे रकमांसाठी कंडिशनल फॉरमॅटिंगमध्ये वेगळा नंबर फॉरमॅट देता येतो. पाच मिनिटांचं काम आहे, पण आळस!

चिन्हाचंही तेच. ₹ हे चिन्ह २०१० साली ठरलं, डी. उदय कुमार यांनी केलेलं, आणि त्याच वर्षी युनिकोडमध्येही आलं. तरी आजही कित्येक शीट्समध्ये लोक हाताने "रु. ५०००" असं टाइप करतात. दिसायला छान. पण एक्सेलच्या लेखी ती आता रक्कम नाही, मजकूर आहे. खाली बेरीज लावा, ती हा सेल गुपचूप वगळते. एररही येत नाही! ओळखायची खूण सोपी: अलाइनमेंटला हात लावलेला नसेल तर आकडा सेलमध्ये उजवीकडे चिकटतो, मजकूर डावीकडे. सेलमध्ये नुसता आकडा टाका, चिन्ह फॉरमॅटमधून येऊ द्या.

राहिले पैसे, म्हणजे रुपयातले. करन्सी फॉरमॅट सहसा दोन दशांश देतो. घरच्या बजेटमध्ये भाजीचे पैसे दाखवून काय मिळवायचंय? लपवा खुशाल. पण लपवणं म्हणजे काढून टाकणं नव्हे, हे लक्षात ठेवा. १,००० रुपये तिघांत वाटले की प्रत्येकी ३३३.३३ दिसतात आणि बेरीज मात्र १,०००.००. कागदावर कोणी बेरीज करून बघितली तर ९९९.९९. एक पैशाचा प्रश्न नाही हो, पण "तुमचा हिशेब जुळत नाही" हे वाक्य ऐकावं लागतं. जी रक्कम खरंच कुणाच्या हातात द्यायची आहे तिथे राउंड फंक्शन वापरा, नुसतं फॉरमॅटवर भागवू नका.

कोणी म्हणेल, आमच्या ऑफिसात तर सगळं डॉलरमध्ये आणि मिलियनमध्येच चालतं. चालू द्या की! तक्ता अमेरिकन क्लायंटकडे जाणार असेल तर तिथे मिलियनच हवेत. त्याच्यावर लाख-कोटी लादणं हाही तितकाच आडमुठेपणा. माझा आग्रह लाखासाठी नाही, वाचणाऱ्यासाठी आहे. वाचणारा कोण ते आधी ठरवा आणि आकडे रुपयांत आहेत, लाखांत की कोटींत, हे रकान्याच्या डोक्यावर स्पष्ट लिहा.

असो. सोमवारी पुढची फाइल पाठवण्याआधी एवढंच करा. त्यातली सगळ्यात मोठी रक्कम आणि सगळ्यात मोठी उणे रक्कम, दोन्ही मोठ्याने वाचून बघा. जीभ अडखळली, तर समजा की समोरचाही अडखळणार आहे. फरक इतकाच, की तो तुम्हाला विचारणार नाही. अंदाजाने वाचून सही करून मोकळा होईल.