‘लूट’ इंग्रजांनी आपल्याकडून नेली

इंग्रजीतील ‘लूट’ हे क्रियापद मराठीने उचलले, हे याच सदरातील पत्रातले विधान उलटे आहे. शब्द इथून तिकडे गेला. संस्कृतातील ‘लुण्ट्’ या धातूपासून हिंदीत ‘लूटना’ आणि मराठीत ‘लुटणे’ आले. कंपनी सरकारच्या फौजांबरोबर तो इंग्रजीत शिरला आणि एकोणिसाव्या शतकातील युद्धांच्या बातम्यांमुळे इंग्लंडात रुळला. हिंदुस्थानातून इंग्रजीत गेलेल्या शब्दांच्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ या 1886 च्या कोशातही तो हिंदी म्हणूनच नोंदलेला आहे.

इंग्रजीत गेल्यावर मात्र त्याचा अर्थ आक्रसला. युद्धात, दंगलीत किंवा दरोड्यात माल पळवणे, एवढाच मुख्य अर्थ उरला. मराठीत सुरतेची लूट आहे, तशी आनंदाची आणि मजेचीही लूट आहे. बेळगाव-निपाणीकडे दसऱ्याला सीमोल्लंघन झाले की आपट्याच्या फांद्यांवर झुंबड उडते, ओरबाडलेली पाने मुठीत घेऊन माणसे घरोघरी जातात आणि थोरांच्या पाया पडून ‘सोने’ देतात. या लुटण्यात कोणाचे काही जात नाही. शेजारच्या कन्नड घरांत त्याच दिवशी शमीची पाने, म्हणजे ‘बन्नी’, वाटतात. आणि दंगलीतल्या लुटीला कन्नडही ‘लूटी’च म्हणते.

मराठी शब्द इंग्रजीसारखा वाटला, तर तो उसना ठरवण्याआधी वाचकांनी व्युत्पत्तिकोश उघडून पाहावा, ही विनंती.

— एक वाचक, निपाणी