हिस्सा दिला, पण कागदावर नाही

राजुऱ्याचं आमचं घर अब्बांनी 1994 साली बांधलं. त्यांच्या इंतकालानंतर ते विकायचं ठरलं, तेव्हा कुणीतरी सल्ला दिला, "इतक्या सह्या कशाला? सगळं मोठ्याच्या नावावर करा." अम्मी, दोघी बहिणी आणि मी, सगळ्यांनी हक्कसोडपत्रावर सह्या केल्या.

घर 48 लाखांना गेलं. भाईजानांनी पैसे चोख वाटले. अम्मीला आठवा हिस्सा म्हणजे 6 लाख, आम्हा दोघा भावांना 14-14, बहिणींना 7-7.

पुढे भाईजानांना आयकराची नोटीस आली. विक्री त्यांच्या एकट्याच्या पॅनवर, म्हणून सगळा भांडवली नफाही त्यांचाच. "पैसे वाटले" हे उत्तर चाललं नाही, कारण हक्क सोडल्यावर कागदोपत्री मालक तेच होते. मग बहिणींकडे कराचा वाटा मागितला गेला. त्या ईदला धाकटी आपा घरी आली नाही.

दोष मी खात्याला देत नाही. चूक आमची होती.

मुस्लिम कायद्यात अविभक्त कुटुंबाची मालकी नसते. माणूस गेला की प्रत्येक वारस आपापल्या ठरलेल्या हिश्श्याचा मालक होतो. पाचही नावं खरेदीखतात असती, तर पाच जणांचा हिशोब वेगळा झाला असता. ज्या बहिणीला दुसरं उत्पन्न नाही, तिला करमुक्त मर्यादेचा फायदा मिळाला असता. जिला नफ्यातून दोन वर्षांत घर घ्यायचं किंवा तीन वर्षांत बांधायचं होतं, तिला त्याची सूट. घर 2001 च्या आधीचं, म्हणून 1 एप्रिल 2001 ची बाजारकिंमत मूळ खर्च म्हणून धरता येते. वारशाने किंवा बक्षीस मिळालेल्या मालमत्तेत महागाईचा निर्देशांक आधीच्या मालकाच्या काळापासून मोजायचा, असं मुंबई उच्च न्यायालयाने 2011 साली सांगितलंय. 23 जुलै 2024 पूर्वी घेतलेल्या घरावर निर्देशांकासह 20 टक्के किंवा त्याशिवाय 12.5 टक्के, यांतलं जे कमी पडेल ते भरता येतं.

बहिणीचा हिस्सा सूरह निसामध्ये ठरलेला आहे. तो आपण मेहेरबानीसारखा हातावर ठेवतो आणि कागदावरून पुसतो. मित्रांनो, घर विकण्याआधी सगळ्या वारसांची नोंद करा. खरेदीखतात प्रत्येकाचं नाव आणि हिस्सा लिहा. पैसे ज्याच्या त्याच्या खात्यात जाऊ द्या. हक्कसोडपत्र पुढे आलं, तर आधी बहिणीला विचारा: तुला खरंच सोडायचंय का?