पाटाच्या कांठानें

आफ्रिकेच्या पश्चिमेस अटलांटिक महासागरांत मदीरा नांवाचें डोंगरी बेट आहे. तेथील पोर्तुगीज लोकांनीं पंधराव्या शतकापासून उत्तरेकडील पाणी दक्षिणेच्या शेतांवर नेण्यासाठीं कडे फोडून पाट काढले. त्यांची लांबी २,००० किलोमीटरांहून अधिक भरते. पाटकऱ्याकरितां ठेविलेल्या शेजारच्या पायवाटेनें आज देशोदेशींचे प्रवासी हिंडतात. हें नातवानें वाचून दाखविलें व विचारिलें, "आजोबा, आपल्या जालन्यास असा पाट नाहीं का?"

आहे तर! काळी मशीद बांधणाऱ्या जमशेदखानानें शहराच्या पश्चिमेस मोती तलाव बांधविला व भूमिगत नळांनीं पाणी गांवांतील हौदांत खेळविलें. सराईच्या चौकांतला हौद त्यांत मुख्य. तेव्हां एके सकाळीं आम्ही उभयतां तलावाच्या पाळीवरून मशिदीकडे पायीं निघालों. पण वाट कोणास विचारावी? नळ जमिनीखालीं, वर रहदारी आणि दुकानें.

मदीऱ्याचा पाट उघडा, म्हणून गळला कीं पाटकऱ्यास दिसतो. आमचें पाणी पुरलेलें. तें उन्हानें आटत नाहीं, हें खरें. परंतु डोळ्यांआड झालें तें स्मरणांतूनहि गेलें. मलिकंबरानें सतराव्या शतकांत खडकीस, म्हणजे आजच्या छत्रपति संभाजीनगरास, आणलेली नहरहि अशीच ठिकठिकाणीं फुटली. आणि सन २०१२-१३ च्या अवर्षणांत याच जालन्यांत आमच्या सूनबाई टँकरची वाट पाहत घागरी मोजीत होत्या!

घरीं येतांच नातवानें कागदावर तलाव काढला, मशीद काढली. मधली रेघ कोठून न्यावी, असें त्यानें विचारिलें. आम्हीं पेन्सिल हातीं घेतली, व तशीच खालीं ठेविली. रविवारीं पुन्हां जावयाचें आहे.