अहवालात नसलेल्या आजी



आमच्या मंडळीचा वार्षिक अहवाल लिहिण्याचे काम गेली काही वर्षे माझ्याकडे आहे. उपासनेची हजेरी, दाने, संडे स्कूलची मुले, नाताळचा खर्च, सगळे आकडे मी यंदाही नीट मांडले. सभेत टाळ्या झाल्या. सभा सुटल्यावर एका ताईंनी मला बाजूला घेऊन विचारले, "मागच्या बाकावरच्या आजी चार महिने आल्या नाहीत. ते तुमच्या अहवालात कुठे आहे?"

माझ्याकडे उत्तर नव्हते. आजी पाय मोडून घरी पडून होत्या. पाळकसाहेबांना कोणी कळवले नव्हते. आणि भेटींच्या यादीत त्यांची गल्ली माझ्याच वाट्याला होती.

आपण सेवेची पारख कशावरून करतो? उपदेश रंगला, चर्चला नवा रंग लागला, गर्दी झाली, की सेवा चांगली. उपदेश लांबला, कमिटीशी पटले नाही, की वाईट. आणि हे बोलतो कुठे? उपासनेनंतर फाटकाजवळ, ज्याच्याविषयी बोलायचे तो सोडून बाकी सर्वांजवळ.

यहेज्केलच्या 34 व्या अध्यायात देव इस्राएलाच्या मेंढपाळांचा हिशेब घेतो. कळप किती मोठा, हे तो विचारतच नाही. दुर्बळांना बळ दिले नाही, रोग्यांना बरे केले नाही, जखमींना पट्टी बांधली नाही, भटकलेल्यांना परत आणले नाही, हरवलेल्यांना शोधले नाही, हा त्याचा आरोप आहे. पण पुढेही वाचा. त्याच अध्यायात धष्टपुष्ट मेंढरांचाही न्याय होतो. ती दुबळ्यांना ढकलतात, चारा तुडवतात, पाणी गढूळ करतात. म्हणजे पारख पाळकांची तशी आपलीही.

काही जण म्हणतात, देवाच्या सेवकाला प्रश्न विचारू नये. पण अंत्युखियात पौलाने पेत्राला तोंडावर चूक दाखवली, हे गलतीकरांच्या पत्रात नोंदलेले आहे. यरुशलेमेच्या मंडळीत ग्रीक बोलणाऱ्या विधवांना रोजच्या वाटपातून वगळले जात होते. प्रेषितांनी तक्रार करणाऱ्यांना बंडखोर ठरवले नाही. त्यांनी सर्वांना बोलावले आणि सात जण निवडायला सांगितले. प्रेषितांची कृत्ये 6 मध्ये त्या सातांची नावे पाहा, सगळी ग्रीक आहेत. ज्यांच्या विधवा उपाशी होत्या, त्यांच्या हाती वाटप आले असावे. आणि त्यानंतर शिष्यांची संख्या पुष्कळ वाढली.

म्हणून माझे नम्र मत असे, की वार्षिक सभेत आकड्यांआधी यहेज्केलचे प्रश्न घ्यावेत. घरी पडून कोण आहे? रुसून कोण गेले? कोणाच्या घरी वर्षभर कोणी गेले नाही? उत्तरे प्रथम आम्ही कमिटीवाल्यांनी द्यावीत, मग पाळकांनी. हिशेब, परवाने, दुरुस्ती अशी कामे आपण उचलावीत, म्हणजे पाळकांना भेटी आणि प्रार्थनेला वेळ उरेल. आणि पाळकांची चूक दिसली, तर मत्तय 18 प्रमाणे आधी एकांतात त्यांनाच सांगावी.

दुसऱ्या दिवशी मी आजींकडे गेलो. माफी मागितली. त्यांनी बसायला सांगितले आणि विचारले, "पाळकबाबांचा खोकला बरा झाला का? मी रोज त्यांच्यासाठी प्रार्थना करते." आमच्या पाळकांना खोकला आहे, हे मला ठाऊकच नव्हते. ना मेंढराची खबर, ना मेंढपाळाची. आणि अहवाल मात्र बारा पानांचा.

पुढच्या वर्षी त्यात एक पान नावांचे असेल. प्रभू त्यासाठी आपणा सर्वांना डोळे देवो. आमेन.